भिंतीवरचे टँकर : प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सातारा

माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचं काम आलं. रस्त्याकडेची कंपाउंडची भिंत ऐंशी फूट लांब, साडेपाच फूट उंच. तिच्यावर गावाचा पाण्याचा ताळेबंद चित्रांत मांडायचा आहे. मुदत २२ मार्च, जलदिन. पैसे थोडे शाळा व्यवस्थापन समितीचे, थोडे ग्रामपंचायतीचे, म्हणजे उशिराच येणार.

मुख्याध्यापक सरांची अट एकच. फ्लेक्स नको. मागचा फ्लेक्स एका उन्हाळ्यात पांढरा पडला आणि उरलेला वाऱ्यानं नेला. रंगवूनच हवं. रंगवणं म्हणजे आप्पा. त्यांनी शेवटची भिंत रंगवून नऊ वर्षं झाली. फ्लेक्स आला आणि साताऱ्यातले निम्मे पेंटर घरी बसले, त्यातले ते एक. संध्याकाळी विचारलं तर म्हणाले, "भिंत प्लास्टरची आहे का नुसती सिमेंट मारलेली?" म्हणजे होकार.

६ फेब्रुवारी

ग्रामसेवकांनी ताळेबंदाचा तक्ता पाठवला. अकरा रकाने आहेत आणि एकके घनमीटर, हजार घनमीटर, हेक्टर-मीटर, लिटर अशी चार. तीन वेळा वाचून मलाच कळला नाही, तर भिंतीजवळून दूध घेऊन जाणाऱ्याला काय कळणार.

तरी पहिला आराखडा टाकला. पावसाची घागर, पिकाची घागर, माणसाची घागर. जिथं पाणी जास्त तिथं घागर मोठी. कोरल या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन तासांत झालं. दिसायला छान आहे.

७ फेब्रुवारी

छान आहे, पण खोटं आहे.

सकाळी सवयीनं घागरी मोजायला घेतल्या. दुप्पट पाण्यासाठी घागरीची उंची दुप्पट केली होती. कोरलमध्ये कोपरा धरून ओढलं की रुंदीही दुप्पट होते. म्हणजे भिंतीवर तिनं व्यापलेली जागा चौपट. आणि घागर गोल आहे हे डोळ्याला माहीत असतं, त्यामुळे मनात ती आठपट भरते. आकडा दुप्पट आणि चित्र आठपट.

मग जुनं एक पाप आठवलं. तीन-चार वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाचं मुखपृष्ठ केलं होतं. ठेवी दुप्पट झाल्या होत्या. मी पैशांची थैली दोन्हीकडून दुप्पट ओढली. संचालक खूश, मीही खूश. सभेत कुणी पट्टी घेऊन थैली मोजली नाही हे नशीब.

डिप्लोमाला असताना डिझाइनच्या इतिहासात व्हिएन्ना अर्ध्या पानात उरकलं होतं. ते पान आज पुन्हा उघडलं. ऑटो न्यूराथ हा माणूस मूळचा समाजशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ. १९२५ साली त्यानं व्हिएन्नात समाज आणि अर्थव्यवहाराचं संग्रहालय सुरू केलं. पहिल्या महायुद्धातून बाहेर पडलेलं शहर, कामगारांची घरं, क्षयरोग, बालमृत्यू, पगार हे सगळं त्याला अशा माणसांना दाखवायचं होतं जे दिवसभर राबून संध्याकाळी प्रदर्शनाला येतील. त्याचा पहिला नियम मी काल मोडला तोच : प्रमाण वाढलं तर चिन्ह मोठं करायचं नाही, तेवढ्याच आकाराची चिन्हं जास्त काढायची. माणसं दुप्पट असतील तर दुप्पट उंचीचा राक्षस नको, दोन माणसं काढा.

घागरींची फाइल 'वापरू नये' या फोल्डरमध्ये टाकली. पुसली नाही.

१० फेब्रुवारी

एकाच आकाराचं चिन्ह ठरलं, पण कशाचं? थेंब काढला तर एक थेंब म्हणजे किती? हंडा घेतला तर एका हेक्टरसाठी लाखो हंडे.

रात्री कागदावर साधा गुणाकार केला. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १० घनमीटर पाणी, म्हणजे १०,००० लिटर. आणि या गावात उन्हाळ्यात येतो तो टँकर १०,००० लिटरचा!

एक मिलिमीटर, एक हेक्टर, एक टँकर. उठून पाणी प्यायले आणि परत गुणाकार केला. बरोबर आहे. माण भागात पाऊस सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे हेक्टरी ५०० टँकर. जलजीवन मिशनचा निकष माणशी दिवसाला ५५ लिटर. वर्षाचे २०,०७५ लिटर, म्हणजे एका माणसाला वर्षाला दोन टँकर. अकरा रकान्यांचा तक्ता आता बोलायला लागला. घनमीटर कुणी पाहिलेला नसतो. टँकर सगळ्यांनी पाहिलाय, त्याच्यासाठी भांडणं केलीत.

हेक्टर मात्र सात-बारावरच बरा, बोलण्यात एकरच. भिंतीवर 'अडीच एकराला' असं लिहायचं.

१३ फेब्रुवारी

न्यूराथच्या मंडळींत कामाची वाटणी होती. एकीकडे आकडे जाणणारे, दुसरीकडे चित्रकार. मधे तिसरं माणूस, ज्याला ते 'ट्रान्सफॉर्मर' म्हणत. आपल्याकडे ट्रान्सफॉर्मर म्हटलं की शेतातली जळालेली डीपी डोळ्यासमोर येते, पण काम तेच आहे : वरून आलेला दाब घरात चालेल इतका खाली आणणं. कोणता आकडा घ्यायचा, कोणता सोडायचा, कशाशेजारी काय ठेवायचं हे ते माणूस ठरवी. त्याला लोकांचा विश्वस्त म्हणत. हे काम प्रामुख्यानं मारी रायडेमायस्टर करत असे. पुढे ती न्यूराथची पत्नी झाली आणि १९४५ मध्ये तो गेल्यावर तिनं पुढची पंचवीसेक वर्षं ते काम एकटीच्या जोरावर चालवलं. १९३५ मध्ये पद्धतीला 'आयसोटाइप' हे नाव सुचवलं तेही तिनंच. चित्रकार गेर्ड आर्न्ट्झ. त्यानं सुमारे चार हजार चिन्हं केली. सुरुवातीला चिन्हं कागदातून कातरीनं कापून चिकटवत. आर्न्ट्झ आल्यावर लिनोलियमवर कोरून छापायला लागले.

नाव न्यूराथचं राहिलं, चिन्हं आर्न्ट्झची म्हणून ओळखली गेली. मधल्या बाईचं काम दिसतच नाही, कारण ते चांगलं झालं तर दिसू नये असंच असतं.

१५ फेब्रुवारी

आज आप्पांना टँकरचं चिन्ह दाखवलं. स्क्रीनवर बघून म्हणाले, "हे कापायचं कसं?"

मी विनायल कटिंगचं म्हणाले. त्यांनी कपाटाच्या वरून बांधून ठेवलेल्या जुन्या एक्स-रे फिल्म काढल्या. कुणाची बरगडी, कुणाचा गुडघा. गरम पाण्यात सोडा घालून फिल्म घासली की निळसर काच होते, ओलावा धरत नाही, शंभर वेळा रंग मारला तरी कडा फाटत नाही. सतरा इंची फिल्मवर आडवे पाच आणि उभे पाच, असे पंचवीस टँकर बसतात. एक टँकर सहा सेंटिमीटर लांब.

पण माझं चिन्ह कापल्यावर गळून पडलं. केबिनची खिडकी मी आत पांढरी ठेवली होती. फिल्ममध्ये तो तुकडा कशाला धरून राहणार? आप्पांनी खिडकीच काढून टाकली. चाकं टाकीला चिकटलेली होती, त्यांनी मधे दोन मिलिमीटरची पट्टी सोडली. टाकी, केबिन, दोन चाकं, सगळे सुटे काळे तुकडे. लांबून बघितलं तर आर्न्ट्झच्या कुठल्याही तक्त्यात खपून जाईल असं चिन्ह झालं होतं. त्यांना आर्न्ट्झ माहीत नाही. मात्र लिनो कोरणाऱ्याला आणि फिल्म कापणाऱ्याला अडचण एकच येते, जी रेघ हत्याराला पेलत नाही ती निघून जाते. पुस्तकात याला साधेपणा म्हणतात.

२० फेब्रुवारी

आज कामासाठी पोवई नाका, राजपथ, मग स्टँड असं पायी फिरले आणि दिसतील ती चिन्हं वहीत उतरवली. शौचालयाचा पुरुष आणि बाई, व्हीलचेअर, 'हॉर्न वाजवू नका', दवाखाना, मोबाइल दुकानाच्या काचेवर सिग्नलच्या पाच काड्या. बत्तीस भरली.

यातलं बरंचसं कुळ त्या व्हिएन्नाच्या चिन्हांशी नातं सांगतं. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकला भाषा न कळणारे पाहुणे येणार म्हणून जपानी डिझाइनरांनी खेळांची आणि सोयींची चिन्हं केली. १९७२ ला म्युनिकसाठी ओट्ल आयखरनं ती पट्टी-कोनमापकात बसवली. १९७४ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्यानं ग्राफिक डिझाइनरांच्या संघटनेकडून विमानतळ-स्थानकांसाठी ३४ चिन्हं करून घेतली आणि ती कुणालाही वापरायला मोकळी ठेवली. स्टँडवरच्या शौचालयाच्या दारावरचा तो बिनमानेचा गोल डोक्याचा माणूस त्यांचाच चुलतभाऊ. १९९९ मध्ये शिगेताका कुरिता यांनी जपानी मोबाइलसाठी केलेली १७६ इमोजीही याच भावकीतली, जरा लांबची.

बत्तीस चिन्हांत एकही मोजत नाही. (सिग्नलच्या काड्या सोडून. त्या मोजतात, आणि त्यांनाच लोक सगळ्यात जास्त बघतात.) आम्ही डिझाइनवाल्यांनी न्यूराथच्या घरातून भांडी उचलून आणली आणि स्वयंपाक तिथंच ठेवला. त्याच्याकडे चिन्ह हे वाक्यातला शब्द होतं, ओळीत उभं राहून हिशेब द्यायचं. आम्ही ते गोलात बसवून बटण केलं. आज कुणी 'इन्फोग्राफिक द्या' म्हणतं तेव्हा त्याला हवं असतं एक मोठं आयकॉन आणि शेजारी ठळक आकडा. आयकॉन झाकून बघा, काही बिघडत नाही. मग ते काढलं कशाला?

जेवताना आप्पांना हे सांगितलं. त्यांनी ग्रामपंचायतीच्या निवडणुकांचं काढलं. कपबशी, शिट्टी, शिलाई मशीन, नारळ, सगळं त्यांनी भिंतींवर मारलंय. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत उमेदवारागणिक वेगळी मतपेटी आणि तिच्यावर त्याचं चिन्ह असे, तेव्हा देशात साक्षरता होती १८ टक्के. आपल्याकडे चिन्ह माणसाचं नाव म्हणून आलं. "मोजायचं काम मतपेटीतल्या चिठ्ठ्यांचं," आप्पा म्हणाले आणि ताकाचा पेला संपवला.

२७ फेब्रुवारी, गावात

काल महाशिवरात्र झाली. आज एसटीनं कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी. पुसेगाव सोडलं की खिडकीतला रंग बदलतो.

आराखडा कापडावर छापून नेला होता. मी एक टँकर म्हणजे १०० टँकर धरले होते. त्यामुळे पाऊस ५, ज्वारी साडेचार, ऊस २०. सुटसुटीत, एका नजरेत दिसणारं. न्यूराथचं म्हणणंच होतं की पहिल्या नजरेत मुख्य गोष्ट दिसावी, दुसऱ्या-तिसऱ्यात बारकावे, आणि चौथ्या नजरेची गरज पडली तर तक्ता फसला.

पारावर कापड पसरलं. एक आज्जी वाकून बघायला लागल्या.

"ही कसली गाडी?"

"टँकर आहे आज्जी, पाण्याचा."

"पाइप कुठाय मग? मागनं पाइप लोंबतोय तो टँकर. ह्यो दुधाचा आसंल."

मग त्यांनी उसाचे टँकर बोटानं मोजले. "इसच? अडीच एकर उसाला इसच टँकर लागत्यात? मग लावा की ऊस!" आणि हसल्या. बाकीचे पण हसले.

मी खालची ओळ दाखवली, एक चिन्ह म्हणजे शंभर. त्या म्हणाल्या, "मग शंभर काढायचे हुते."

परतीच्या गाडीत याच वाक्यावर अडून बसले होते. एक चिन्ह म्हणजे शंभर, हा करार आहे आणि तो शाळेत शिकलेल्या माणसाबरोबर केलेला आहे. मारी न्यूराथ १९५० च्या दशकात पश्चिम नायजेरियात काम करायला गेली तेव्हा व्हिएन्नाची चिन्हं जशीच्या तशी चालली नाहीत. तिथली घरं, कपडे, माणसं बघून तिनं ती नव्यानं केली. चित्र सगळ्यांना आपोआप कळतं, ही चित्रकारांची समजूत आहे. पाइप नसला तर टँकर दुधाचा होतो.

१ मार्च

मग शंभर काढायचे हुते. काढू की!

हिशेब केला. सहा सेंटिमीटरचा टँकर, एक सेंटिमीटर फट. शंभरची ओळ सात मीटर. ओळीची उंची पाच सेंटिमीटर. उसाचे २,००० टँकर म्हणजे वीस ओळी, एक मीटर उंच. भिंतीत बसतात! प्रत्येक टँकर खराच एक टँकर. खाली करार नको, सूची नको. ज्याला मोजायचं त्यानं मोजावं, ज्याला नाही त्याला लांबून काळा ठोकळा दिसेल.

न्यूराथच्या चालीत हे बसत नाही. तो आकडे गोळा करून चिन्हं कमी करतो, नेमके आकडे विसरण्यापेक्षा ढोबळ चित्र लक्षात राहिलेलं बरं या मताचा. पण त्याचे तक्ते संग्रहालयात दहा मिनिटांत पाहायचे होते. ही भिंत रोज येता-जाता, पावसाळ्याची वाट बघत पाहिली जाणार आहे.

महाबळेश्वरही घ्यायचं मनात होतं. आपल्याच जिल्ह्यात साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो. तेवढ्या ओळी पावणेतीन मीटर उंच होतात. भिंत संपते, पाऊस संपत नाही. सोडून दिलं.

आप्पांनी नवी फिल्म कापली, टाकीमागे लोंबणाऱ्या पाइपासकट. पाइप तीन मिलिमीटर जाड.

८ मार्च, गावात

ग्रामपंचायतीत बैठक. सरपंचताई, सर, ग्रामसेवक, चार सदस्य. एका सदस्यांचा ऊस आहे. त्यांनी सुरुवातीलाच विचारलं, ऊस दाखवायचं काय कारण? लोक आमच्याकडं बोट करतील. मी म्हणाले, पीक दाखवतेय, शेतकरी नाही. त्यांना ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते उत्तर गुळगुळीत वाटलं.

मग त्यांनी आकडे मागितले. उसाला १,५०० ते २,५०० मिलिमीटर, ज्वारीला ४५० ते ६५०. कागद हातात घेऊन म्हणाले, "मॅडम, उसाचा मधला आकडा घेतलाय आणि ज्वारीचा खालचा. का?"

उत्तर नव्हतं. मी मुद्दाम केलं नव्हतं, पण ज्वारी चांगली आणि ऊस वाईट हे मनात आधीच ठरलं होतं आणि हातानं त्याप्रमाणे आकडा उचलला. विश्वस्त म्हणवून घेणाऱ्यानं हेच करायचं नसतं. तिथंच खोडून ज्वारी ५५० केली. म्हणजे ज्वारीच पावसापेक्षा अर्धी ओळ जास्त. चित्र आता तितकंसं सोयीचं राहिलं नाही.

सर म्हणाले, पडतो तो पाऊस सगळा पिकाला कुठं मिळतो, निम्मा वाहून जातो, उडून जातो. म्हणून मथळा 'पडणारं पाणी' एवढाच. 'ठिबकवर ऊस यापेक्षा कमी पाण्यात येतो' ही ओळ सरपंचताईंनी घालायला लावली. सदस्य उठताना म्हणाले, "बघू, कसं दिसतंय ते."

१७ ते २० मार्च, गावात

सर्वांत मोठं काम आणि लिहायला सर्वांत कमी. सरांच्या घरी मुक्काम. प्रायमर आधीच मारून ठेवला होता. पहाटे साडेपाचला सुरू, दहाला बंद, परत चारनंतर. दुपारी भिंतीवर हात ठेवता येत नाही आणि रंग स्पंजावरच वाळतो.

आप्पांनी निळीच्या सुतानं आडव्या रेघा मारल्या. मी फिल्म धरायची, त्यांनी स्पंजानं टिपायचं. ब्रश चालत नाही, कडेखाली रंग घुसतो. स्पंज जवळजवळ कोरडा पाहिजे, आधी कागदावर तीनदा टिपून मग भिंतीवर. नुसत्या उसाला ऐंशी वेळा फिल्म लावली. पहिल्या दिवशी आप्पा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गुणगुणायला लागले.

१९ ला रंगपंचमी. सरांनी पोरांना दम दिला होता, तरी पावसाच्या चौथ्या ओळीवर गुलाबी फवारा आलाच. पुसला नाही, आता तो तिथं आहे.

माणसाचे दोन टँकर सर्वांत शेवटी, फाटकाजवळ. बाकीची तेवीस भोकं कागदानं झाकली, पाच मिनिटांत झालं. खाली 'एका माणसाला वर्षभर'. तिथून उसाचा ठोकळा डाव्या हाताला दिसतो. एक हजार माणसांचं वर्षभराचं पाणी होतं ते, पण हे कुठं लिहिलेलं नाही.

२२ मार्च

उद्घाटन झालं, नारळ फुटला. त्या आज्जींनी पाइपाला हात लावून बघितला. उसाचे सदस्य आले होते. ठिबकची ओळ वाचली, ज्वारीच्या ओळी मोजल्या, चहा घेऊन गेले.

२ एप्रिल

पाडवा झाला, पैसे अजून नाहीत.

सकाळी सरांचा फोन. सातवीच्या पोरांनी तीन दिवस डबा खायच्या सुट्टीत भिंत मोजली. प्रत्येकाला दोन ओळी वाटून दिल्या होत्या. पाऊस ५०० बरोबर. ज्वारी ५५० बरोबर. ऊस १,९९५.

मी म्हणाले, मोजण्यात चूक असेल. सर म्हणाले, दोनदा मोजलंय, सहाव्या ते दहाव्या ओळीत नव्याण्णव-नव्याण्णव भरतात. आप्पांना विचारलं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, पावसाच्या पाण्याचा पीव्हीसी पाइप खाली येतो तिथं. फिल्मची एक उभी रांग पाइपावर आली, ते पाच टँकर पाइपावर उमटले आणि त्यांनी नंतर रॉकेलच्या फडक्यानं पुसले. वाटलं, कोण मोजतंय.

शनिवारी जायचं आहे. फिल्म, स्पंज, काळ्याचा छोटा डबा. सर प्लंबरला सांगून पाइप चार इंच सरकवून ठेवतो म्हणाले.